घाटाखालचं घर घाटावर

जुलै लागला की मी घरातली कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढतो. दिवाण, शोकेस, पुस्तकांची मांडणी, सगळंच. त्या दिवसांत आमची बैठक रंगकाम निघाल्यासारखी दिसते. पाहुणे विचारतात, "काय सर, घर बदलून राह्यले का?" मी म्हणतो, "नाही, भिंतींना हवा देऊन राह्यलो." ते हसतात, मीही हसतो, आणि वैशाली, माझी बायको, चहाच्या निमित्ताने आत निघून जाते. तिला यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

बैठकीत घड्याळाशेजारी पावडरच्या डबीएवढं एक यंत्र अडकवलं आहे. घरातल्या हवेत किती ओलावा आहे त्याचा आकडा त्यावर दिसतो. आकडा साठच्या आत असला की मी माणसासारखा वागतो. सत्तरीच्या पुढे गेला की कुकरच्या शिट्टीवरही चिडतो. कोणी आंघोळ करून न्हाणीघराचं दार उघडं टाकलं, की बाहेर आलेली वाफ मला चोर शिरल्यासारखी दिसते. वैशाली म्हणते, "तुम्ही मास्तर कमी अन् हवामान खातं जास्त झालात." काल सकाळी आकडा अठ्ठ्याहत्तर होता. बाहेर धुकं इतकं होतं की समोरच्या घराची टाकी दिसत नव्हती. आतल्या खोलीतून बाबांच्या श्वासाची ती बारीक शिट्टी यायला लागली होती. मला तीन वर्षांपूर्वीचा श्रावण आठवला. आठवला म्हणजे काय, तो गेलाच कुठे होता!

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात माणसाचा अर्धा पत्ता एका शब्दात कळतो. तो घाटावरचा असतो, नाही तर घाटाखालचा. मी घाटाखालचा, मलकापूरचा. आमच्याकडे मे महिन्यात नळाचं पाणी हाताला चटके देतं आणि दुपारी दाराची कडी फडक्याने धरावी लागते. सकाळी नऊला दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, फटींत चिंध्या कोंबायच्या, आणि दिवस मावळला की मगच घर उघडायचं, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. उन्हाशी कसं वागायचं ते आमच्या हाडात आहे. पावसाशी कसं वागायचं याचा मात्र आम्ही कधी विचारच केला नाही. पाऊस आला म्हणजे सुटलो, एवढीच आमची अक्कल. नोकरी लागली ती राजूर घाट चढून वर, बुलढाण्यात. इथे ऑगस्टमध्ये लोक स्वेटर घालून दूध आणायला जातात. एका शाळेत मी विज्ञान शिकवतो.

माझी आई उन्हाने गेली. मलकापूरच्या आमच्या टिनाच्या खोलीत, मे महिन्यात. सकाळी शेजारणीच्या गच्चीवर कुरडया घालायला गेली होती, अकराला खाली आली आणि म्हणाली, डोकं जड झालं. लाइट गेलेली, कूलर बंद. बाबांनी तळपायाला कांदा चोळला, ओला पंचा अंगावर टाकला, रिक्षा आणायला धावले. मी त्या वेळी इथे बुलढाण्यात दहावीचे पेपर तपासत बसलो होतो. इथे पंख्याखाली इतकं सुखाचं वाटत होतं की मी फोनही बाजूला ठेवला होता. पोचलो तेव्हा संपलं होतं. त्या दिवसापासून ऊन हा माझा वैरी झाला, आणि वैर माणसाला आंधळं करतं म्हणतात ते माझ्या बाबतीत अगदी खरं ठरलं.

दोन वर्षांनी घर बांधायला काढलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं. बाबांना वर आणायचं आणि त्यांच्या अंगाला झळ म्हणून लागू द्यायची नाही. गच्चीवर ऊन परतवणारे चिनी मातीचे पांढरे तुकडे लावले. भिंतींना आतून थर्माकोलच्या पाट्या आणि त्यावर पीओपी. वर तेलकट रंग, ओल्या फडक्याने पुसता येईल असा. खिडक्या सरकत्या, रबराच्या पट्ट्या लावलेल्या, लावल्या की रस्त्यावरच्या गाडीचा आवाजही आत येणार नाही अशा. रफिक मिस्त्री, ज्याने आमच्या कॉलनीतली निम्मी घरं उभी केली, तो खिडक्यांच्या वरचे झरोके मोकळे सोडत होता. मी बुजवायला लावले. तो थापी हातात धरून उभाच राहिला.

"सर, झरोके तं राहू द्या. घरले बी नाक पायजे ना."

"त्यातूनच झळ येते, मिस्त्री."

"इथं कुठली झळ सर? हे बुल्डाना हाय, मलकापूर नाई."

वैशालीही तेच म्हणाली. ती धाडची, घाटावरचीच. "आमच्याकडं श्रावणात घर बंद करत नसतेत. ह्या घरात वारं कुठून येईल?" मी तिला उत्तर दिलं ते आज लिहितानाही लाज वाटते. म्हणालो, "तुझी आई उन्हाने गेलेली नाही." त्यानंतर ती खिडक्यांबद्दल बोलली नाही.

बाबा पाडव्याला आले, एक ट्रंक आणि एक घडीची खाट घेऊन. तो उन्हाळा माझ्या घराने जिंकला. बाहेर डांबर पाघळत होतं आणि आत बाबा दुपारी पांघरूण घेऊन झोपत होते. एकदा झोपेतून उठून त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "तुही माय पाह्यजे होती रे." बस, एवढंच. मला ते बोर्डाच्या सर्टिफिकेटसारखं वाटलं. मी आठवडाभर शाळेत सगळ्यांशी गोड बोलत होतो.

बाबांबद्दल एक सांगायला हवं. त्यांनी पस्तीस वर्षं जिनात काढली. कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याला आमच्याकडे जीन म्हणतात. फाटकातून आत आलेल्या गाडीतला कापूस ओला की कोरडा, हे सांगणं त्यांचं काम. ते कोपरापर्यंत हात ढिगात घालत, आतला कापूस मुठीत दाबत, मग एक सरकी दाताखाली फोडत. कट् आवाज आला तर कोरडा. दबली तर ओला. मग समोर कोणीही असो, पाटील असो की पुढारी, तोंडावर सांगत, "ओला हाय भाऊ. वाळवून आना." लोक शिव्या देत निघून जात, हे शांतपणे दुसऱ्या गाडीकडे वळत. पस्तीस वर्षांत छातीत कापसाची धूळ किती गेली त्याला गणती नाही. थोडा खोकला त्यांच्या सोबतीला कायमचा होता, पण तो घरातल्या माणसासारखा. त्याचं कोणी काही मनावर घेत नसे.

पाऊस सुरू होऊन पंधरा दिवस झाले असतील. बाबा आपल्या खोलीच्या भिंतीला तळहात लावून उभे होते. मी विचारलं, "काय पाह्यता बाबा?" त्यांनी हात काढला, बोटांवर बोटं चोळली. "काई नाई. नवी हाय ना भिंत," म्हणाले. "हाव, अजून पाणी पिऊन राह्यली ती," मी म्हणालो. ते मान हलवून खाटेवर बसले.

मग एकेक सुरू झालं. आगपेटी पेटेना. मिठाची बरणी पाण्याने भरली. माझ्या कमरेच्या पट्ट्यावर हिरवट लव उगवली. कपाट उघडलं की लग्नातल्या शालूला कुबट वास. सूर्य आठ-आठ दिवस दिसायचा नाही, म्हणून धुतलेले कपडे आम्ही बैठकीत दोरीवर, पंख्याखाली वाळवायचो, आणि खिडक्या बंद. बंद का? तर बाहेर ओल आहे म्हणून! ओल बाहेरून येते आणि दार लावलं की ती बाहेर राहते, हा माझा हिशेब उन्हावरून घेतलेला होता. त्याच महिन्यात मी नववीच्या वर्गात बर्फाच्या पाण्याचा पेला टेबलावर ठेवून मुलांना विचारत होतो, "सांगा, पेल्याच्या बाहेर हे थेंब कुठून आले?" पोरं सांगायची, हवेतून, सर. शाबास म्हणायचो. तीन माणसांचे श्वास, तीन आंघोळी, दोन वेळचा स्वयंपाक आणि दोरीवरचे ओले कपडे, एवढं सगळं पाणी मी माझ्या रबरबंद घरात कोंडून ठेवत होतो, आणि ते थंड भिंतींवर जाऊन बसत होतं. शाळेतून घरी येईपर्यंत माझं विज्ञान कुठे गळून पडत होतं, देव जाणे. वास यायला लागला तेव्हा मी उदबत्त्यांचा मोठा पुडा आणला. छातीत कापसाची धूळ घेतलेल्या माणसाच्या घरात!

बाबा बाहेर बसायला लागले. पोर्चमध्ये प्लास्टिकची खुर्ची, अंगावर घोंगडी, समोर धुकं. मला ते आवडेना. एवढं उबदार घर सोडून माणूस बाहेर गारठ्यात बसतो, शेजारीपाजारी काय म्हणतील?

"बाबा, आत बसा. सर्दी होईन."

"बसतो ना. जरासं करमते इथं. गाड्या दिसते."

"धुक्यात काय दिसते तुम्हाले?"

"आवाज तं येते," म्हणायचे, आणि उठून आत यायचे. मुलाचं ऐकणारा बाप फार वाईट. तो भांडला असता तर बरं झालं असतं. रात्री भिंतीपलीकडून शिट्टी ऐकू यायची, श्वास आत जाताना नाही, बाहेर येताना. मी ती जिनाच्या खात्यात टाकली. दह्याच्या खात्यात टाकली. म्हातारपणाच्या खात्यात टाकली. घर सोडून बाकी सगळ्यांच्या नावावर टाकून झाली. वैशाली एकदा म्हणाली, "मामाजी दिवसभर बाहेर असले की खोकत नाहीत. आत आले की खोकतात. बघितलं का तुम्ही?" मी बघितलं होतं. म्हणालो, "थंडी बाहेरून घेऊन येतात, अन् आत आल्यावर बाधते." मूर्खपणालाही माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाची भाषा मिळाली की तो शहाणपणासारखा ऐकू येतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खाटेवर बसलेले दिसले, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले, ओठ निळसर. बोलता येत नव्हतं. हाताने खिडकी दाखवत होते. मी खिडकी उघडायच्या ऐवजी रिक्षाला फोन लावला. वैशालीने खिडकी सरकवली, तर ती अडकली. रबर फुगलं होतं. तिने खांदा लावून ती उघडली, तेव्हा बाबांनी तोंड पुढे करून जो श्वास घेतला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाबांना वाफ दिली, सलाइन लावली, मग आम्हाला विचारलं, "घरात ओल आहे का? बुरशी वगैरे?"

"नाही," मी म्हणालो. "नवीन घर आहे."

"आहे," वैशाली म्हणाली. डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं आणि तिचं उत्तर लिहून घेतलं.

दुपारी मी बाबांचे कपडे आणायला घरी आलो. ट्रंक खाटेखाली, म्हणून खाट पुढे ओढली. खाटेमागची भिंत मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली; एरवी दारातूनच विचारपूस करून वळायचो. वरचा भाग काळा होता. छताच्या कोपऱ्यापासून खाली, काजळी धरल्यासारखा. पण खाटेच्या उंचीपासून वर साधारण दोन हात भिंत पांढरी होती, घासून रंग उडालेली. त्या पांढऱ्या पट्ट्याची वरची कड सरळ नव्हती. ती कमानीसारखी वळलेली होती, खाटेवर बसलेल्या माणसाचा हात जिथवर जाईल तिथवर. खाटेच्या पायाशी एक जुनं बनियन घडी करून ठेवलेलं, आणि चुन्याच्या पाण्याचा डबा. म्हणजे बाबा रोज, मी शाळेत गेल्यावर, भिंत पुसत होते. नाका-तोंडाजवळ ती बुरशी घेऊन पुसत होते, मला दिसू नये म्हणून. जिथे हात पोचला नाही तिथे ती वाढत गेली. मी त्या ओल्या बनियनवर बसलो आणि मला ट्रंकेचं कुलूपही उघडता येईना.

चौथ्या दिवशी त्यांना बोलता यायला लागलं. मी विचारलं, रागानेच विचारलं, कारण दुसरं कसं विचारावं ते कळत नव्हतं. "सगळ्या जिनाले ओला म्हणून तोंडावर सांगणारे तुम्ही. मले काऊन नाई सांगतलं?"

त्यांनी सलाइनच्या थेंबांकडे मान वळवली. मग म्हणाले, "तुनं ते घर तुह्या मायचं ऊन मनात धरून बांधलं बाप्पा. त्याले नाव कसं ठेवू मी?"

मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिलो. तिथे सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि पाऊस आत येत होता.

पुढचं घरकाम लवकर झालं. रफिक मिस्त्रीने झरोके फोडले. थर्माकोलच्या पाट्या निघाल्या तेव्हा त्यांच्या पाठी भाकरीच्या करपल्या बाजूसारख्या होत्या. तेलकट रंग खरवडून चुना मारला. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारे पंखे बसवले. पंखा नुसता फिरून भागत नाही, बाहेरची हवा आत यायलाही वाट लागते, म्हणून दारांच्या खालून बोटभर फट ठेवली. कपडे पोर्चमध्येच वाळायचे, दोन दिवस लागोत की चार. धुकं असलं की खिडक्या लावायच्या, ऊन पडलं की जेवण सोडून उठायचं आणि समोरासमोरच्या उघडायच्या. हे सगळं मी इतकं मन लावून केलं की घर खरोखर सुधारलं. भिंती आता पांढऱ्या आहेत. मीठ सुटं राहतं. माझा पट्टा कोरडा असतो.

बाबांची छाती सुधारली नाही. डॉक्टर म्हणाले होते, गेलं ते गेलं, राहिलं ते सांभाळा. आणि म्हणाले होते, पावसाळ्याचे दोन-तीन महिने यांना घाटाखाली ठेवा, हे धुकं यांना सोसायचं नाही. मी हो म्हटलं आणि ठेवलं नाही. खाली म्हणजे मलकापूरच्या त्याच खोलीत, जिथे आता माझी थोरली बहीण राहते. त्याच टिनाखाली. तिथून तर मी त्यांना सोडवून आणलं होतं! दोन वर्षं मी यंत्राचा आकडा खाली आणत राहिलो. आकडा खाली यायचा, आणि एखाद्या धुकट सकाळी बाबा पुन्हा गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले असायचे. मागच्या वर्षी दोनदा दवाखाना झाला. बाबांनी कधी म्हटलं नाही की मला खाली ने. मीही कधी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

काल अठ्ठ्याहत्तर आकड्यासमोर उभा होतो तेव्हा वैशाली मागून म्हणाली, "मामाजींची पिशवी मी भरली आहे." तिने माझ्याकडे परवानगी मागितली नाही. मी ताईला फोन केला. ताई म्हणाली, "आन ना. खाट दाराजवळ टाकतो मी. विचारतो काय त्यात?"

घाट उतरताना धुक्यात गाडीचे दिवे लावावे लागले. खालच्या वळणावर एकदम लख्ख झालं. ऊन होतं, ओलसर, चिकट, मला अजूनही न आवडणारं. बाबांनी काच खाली केली आणि हात बाहेर काढला. मी वैतागून "हात आत घ्या" म्हणणार होतो, पण म्हणालो नाही.

ताईची खोली तशीच आहे. वर टिन, खाली फरशी, दार दिवसभर सताड उघडं, समोरून वारा शिरतो आणि मागच्या खिडकीने निघून जातो. माशा आहेत, रेल्वेचा आवाज आहे, शेजारच्या भांड्यांचा आवाज आहे. आई जिथे पडली होती तिथे आता ताईचं शिवणयंत्र आहे. बाबा दाराजवळच्या खाटेवर आडवे झाले आणि थोड्या वेळात झोपले. मी बाजूला बसलो. त्यांचा श्वास ऐकायची मला इतकी सवय लागली आहे की मी आपसूक कान दिला. काहीच ऐकू आलं नाही. मी घाबरलो. खाली वाकून त्यांच्या छातीवर हात ठेवला. छाती वर होत होती, खाली होत होती, अगदी आवाज न करता.

"काऊन रे?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"काई नाई बाबा."

"जाय आता. धुकं दाटायच्या आंदी घाट चढून घे."

"हाव," मी म्हणालो, पण हात काढला नाही.